माती घरीच आहे, मग विद्यापीठात कशाला?

(मंडळाच्या रोहणा येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



ज्या गावच्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली त्याच गावात आज पाहुणा म्हणून हार घालून घेताना मला मोठा संकोच वाटतो. पाहुण्याने चार गोड शब्द बोलावेत, गुणवंतांची पाठ थोपटावी आणि आपल्या जागी जाऊन बसावे, अशी आपल्याकडे रूढी आहे. परंतु आपल्या चिटणिसांनी मला ‘नैसर्गिक संपत्तीचे संरक्षण आणि त्या विषयाचे विद्यापीठातील शिक्षण’ हा विषय नेमून दिला आहे, आणि ज्या विषयात माझे सारे आयुष्य गेले त्यावर केवळ गोड बोलून थांबणे मला जमणार नाही. तेव्हा थोडे कडूही बोलले गेले तर आपलाच मुलगा म्हणून आपण ते पोटात घालावे, एवढी प्रार्थना करून मी मुख्य विषयाकडे वळतो.

१९७८ साली मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रवेश घ्यावयाचे ठरविले, तेव्हा माझ्या वडिलांनी मला एक प्रश्न विचारला होता. त्या काळी पुलगाव-आर्वी ही लहान रुळांची गाडी आपल्या रोहण्यावरून जात असे. ती गाठण्यासाठी मी वळकटी बांधत होतो. वडील ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, “डॉक्टर व्हायला शहरात जावे लागते हे मला समजते. वकिलीचेही समजते. पण मातीचे शिक्षण घ्यायला अकोल्याला कशाला जायचे? माती तर घरीच आहे.” मी काही तरी उत्तर देऊन गाडी गाठली. ते उत्तर त्यांना पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नव्हते. ती गाडी आता धावत नाही, वडीलही आता नाहीत. परंतु त्यांचा प्रश्न मात्र अद्याप आपल्या घराघरांतून विचारला जातो. आज त्या प्रश्नाला नीट उत्तर देण्याचा माझा प्रयत्न आहे.

नैसर्गिक संपत्ती म्हणजे काय, हे समजण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. आपल्या जिल्ह्याच्या गावी, वर्ध्याच्या मगनवाडीत, अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य करीत असताना डॉ. जे. सी. कुमारप्पा यांनी या प्रश्नाचा मूलगामी विचार केला. १९४५ साली त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ सिद्ध केला, तो जबलपूरच्या तुरुंगात. त्यांच्या विचाराचे सार असे की, संपत्तीचे दोन प्रकार आहेत. एक प्रकार साठ्याचा : कोळसा, खनिज तेल, धातू. काढाल तेवढे कमी होत जाणार. दुसरा प्रकार प्रवाहाचा : पाणी, वनस्पती, पशुधन. जपून वापरले तर हे दरवर्षी नव्याने मिळत राहते. हे वाचताना मला नेहमी कोठी आणि दुभती गाय यांची आठवण होते. कोठीतले धान्य खाल्ले की संपते. गाय मात्र चारापाणी दिले तर दूधही देते आणि वासरूही देते. आता माती या दोहोंपैकी कशात मोडते? सांभाळली तर ती गाय आहे. वाहून जाऊ दिली तर ती कोठी आहे. आमच्या शास्त्राचा बहुतेक सारा अभ्यास या एका वाक्यात सामावलेला आहे.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक नव्हते असे मात्र कोणी समजू नये. जमिनीला त्यांनी काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी नावे दिली. जुन्या बंदोबस्ताच्या काळात सारा ठरविताना सरकारी अंमलदारांनीही हीच नावे कागदावर घेतली. कोणत्या वावरात पऱ्हाटी लावावी, कोठे ज्वारी पेरावी आणि कोणते वावर गवताला सोडावे, हे या नावांवरूनच ठरत असे. काळा पाषाण झिजून झालेली ही माती. खोलगटात ती पुरुषभर खोल आणि टेकडीच्या अंगाला वीतभरही नाही. विद्यापीठात गेल्यावर पहिल्या वर्षी मी जे मृदा-वर्गीकरण शिकलो, त्याची अर्धी मुळाक्षरे मला माझ्या आजोबांनी धुऱ्यावर चालताचालता शिकविलेली होती.

मग विद्यापीठाने अधिक काय दिले? विद्यापीठाने मला मोजावयास शिकविले.

मोजणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. एक एकर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे चार हजार लिटर पाणी पडते. आपल्या भागात वर्षाकाठी साधारणपणे हजार मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे प्रत्येक एकरावर चाळीस लाख लिटर पाणी आकाशातून फुकट येते. दहा एकरांचा धनी असलेला शेतकरी चार कोटी लिटर पाण्याचा धनी असतो, आणि तरीही मार्च महिन्यात त्याची विहीर तळ दाखविते. आषाढातल्या एखाद्या दुपारी घटकाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्यातला निम्मा वाहून गेला, तर एका एकरातून एक लाख लिटर पाणी नाल्याला जाते. दहा हजार लिटरचे दहा टँकर आपण आपल्याच वावरातून नाल्यात ओतले, असा याचा अर्थ होतो.

ते पाणी रिकाम्या हाताने जात नाही. १९८३ साली ध्रुवनारायण आणि रामबाबू या दोन शास्त्रज्ञांनी देशभरच्या धुपीचा अंदाज प्रसिद्ध केला. दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६.३५ टन माती वाहून जाते, असा तो अंदाज आहे. एकरी हिशेब केला तर ही माती सुमारे सहासष्ट क्विंटल होते. दहा क्विंटलची एक गाडी धरली, तर दरसाल प्रत्येक एकरातून साडेसहा गाड्या माती जाते. ही देशाची सरासरी आहे. सपाट काळीत याहून कमी आणि उताराच्या खरडी-बरडीत याहून अधिक माती जाते. एका एकरातून आपण कापूस किती क्विंटल घरी आणतो, ते प्रत्येकाने आपापल्या मनाशी आठवावे आणि त्याच्या शेजारी हे सहासष्ट क्विंटल ठेवावे. कापसाचा हिशेब आपण पावशेरापर्यंत ठेवतो. मातीचा हिशेब ठेवणारी वही मात्र कोणाच्याच घरी नाही.

विद्यापीठाच्या पहिल्याच सुटीत मी घरी आलो आणि वावरातल्या विहिरीवर गेलो. ती विहीर आजोबांनी बांधली, त्यास तेव्हा सुमारे पन्नास वर्षे झाली होती. काठाच्या बांधकामाचा पायाचा दगड, जो बांधताना जमिनीच्या आत असणार, तो मला चांगला चार-पाच बोटे उघडा पडलेला दिसला. लहानपणापासून त्याच दगडावर बसून मी पाय धूत आलो होतो. पण तो उघडा का पडला हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. त्या दिवशी मी मनात गुणाकार केला. वर्षाला सव्वा मिलिमीटर माती गेली तर पन्नास वर्षांत सहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे. पुस्तकातला आकडा माझ्याच विहिरीच्या दगडावर लिहिलेला होता. तेवढा थर पुन्हा निर्माण होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. संध्याकाळी वडिलांना मी तो दगड दाखविला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उताराच्या वावरातल्या फुटक्या धुऱ्यावर कुदळ घेऊन गेलेले मला दिसले.

परंतु मोजता आले म्हणजे सारे आले असे नाही. हे मी माझ्याच चुकीवरून शिकलो, आणि ती चूक आपल्यापुढे कबूल केल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका गावी मृदसंधारणाची कामे माझ्याकडे आली. पाणी अडवायचे, माती अडवायची, हे एकच सूत्र डोक्यात घट्ट बसलेले होते. तेथील खोल काळ्या जमिनीत मी समपातळीचे बांध घालावयाची आखणी केली. एका वयस्क शेतकऱ्याने मला हटकले. तो म्हणाला, “साहेब, काळीत पाणी कोंडू नका. तिला एकदम पाणी पिता येत नाही. तिला वाट ठेवा.” मी तरुण होतो, हाती पदवी होती, पायात बूट होते. मी त्याला माथा ते पायथा या तत्त्वावर एक छोटेसे प्रवचन दिले. पुढच्या श्रावणात झड लागली. काळी माती पाणी मिळताच फुगते आणि तिची भोके मिटतात. मग पाणी आत मुरण्याची गती फारच मंद होते. बांधाच्या वरच्या अंगाला आठ दिवस पाणी साचून राहिले आणि पऱ्हाटी पिवळी पडली. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडलेल्या होत्या. त्या भेगांतून बांध दोन ठिकाणी फुटला आणि खालच्या वावरातली मातीही घेऊन गेला. तो खालचा वावर त्याच वयस्क शेतकऱ्याचा होता.

मी त्याच्या घरी गेलो. त्याने मला दोष दिला नाही, चहा दिला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना. बिऱ्हाडी परत आल्यावर मी माझे जुने पुस्तक काढले. खोल काळ्या जमिनीत समपातळीचे बांध घालू नयेत. बांधाला हलका ढाळ द्यावा आणि जादा पाण्याला गवताच्या सांडीतून सुरक्षित वाट काढून द्यावी. समपातळीचे बांध हलक्या व मध्यम जमिनीसाठी योग्य होत, हे सारे त्यात छापलेले होते. मी ते परीक्षेपुरते वाचले होते. शेतकऱ्याचे अनुभवाचे बोल आणि शास्त्राचा नियम एकच होते. मधला शिकलेला माणूस तेवढा अर्धवट होता. विद्यार्थिमित्रांनो, आपण पदवी घ्याल तेव्हा ही गोष्ट विसरू नका. पदवी ही ऐकण्याची पात्रता आहे. ती मिळाली म्हणून ऐकणे सोडू नका.

आता कोणी म्हणेल, ही जुनी कथा झाली, आज गावोगावी काय घडते आहे? त्याचेही उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. आर्वी तालुक्यातले काकडदरा हे डोंगरातले लहानसे गाव. वस्ती कोलाम बांधवांची. २०१७ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत या गावाने साऱ्या महाराष्ट्रात पहिला क्रमांक मिळविला. ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस, म्हणजे ऐन वैशाखवणव्यात, लोकांनी श्रमदान केले. त्यांच्या घामाचे कौतुक सर्वांनी केले आणि ते योग्यच झाले. पण त्या घामाच्या आधी काय होते, याकडे कमी लोकांचे लक्ष गेले. स्पर्धेत उतरणाऱ्या गावातील माणसांना आधी प्रशिक्षण घ्यावे लागे. उतार कसा मोजावा, समतल चर कोठे खणावा, पाणलोटाचे काम माथ्यापासून का सुरू करावे, हे त्यांनी शिकून घेतले आणि मगच कुदळ उचलली. म्हणजे काकडदऱ्याचा विजय हा श्रमाचा जेवढा, तेवढाच शिक्षणाचाही आहे. ज्यांना आपण वर्षानुवर्षे अशिक्षित म्हणत आलो त्यांनी हे करून दाखविले. आणि शाळा, महाविद्यालये, मंडळे असलेल्या आपणांस आपल्या नाल्याचा उतारही ठाऊक नाही! हे मी कोणाला हिणविण्यासाठी म्हणत नाही. मलाही त्यांच्याकडून शिकावे लागले.

माती आणि पाणी यांच्याबरोबर पशुधन आणि वन हीही आपली संपत्तीच आहे. गवळाऊ हा गोवंश आपल्या वर्धा जिल्ह्याचा. आर्वी, कारंजा, आष्टी या तालुक्यांनी तो वाढविला. पांढऱ्या-राखी रंगाची, हलक्या चालीची, आपल्या उन्हात तग धरणारी ही जनावरे. मराठेशाहीत फौजेच्या जलद वाहतुकीसाठी या बैलांना मान होता, असे सांगतात. त्यांच्या जतनासाठी हेटीकुंडी येथे सरकारी पैदास केंद्र झाले. तरीही चराऊ राने आटली, संकर वाढला, नांगराला ट्रॅक्टर आला आणि पोळ्याच्या तोरणाखाली शुद्ध गवळाऊ जोडी दिसणे दुर्मीळ झाले. हा वंश एकदा बुडाला तर कोणत्याही बाजारात तो विकत मिळावयाचा नाही. त्याच्या रक्ताचा, दुधाचा, प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणे हे नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलांचे काम आहे.

तीच गोष्ट बोरच्या जंगलाची. १९७० साली तेथे अभयारण्य झाले, २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. देशातील सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांत त्याची गणना होते. वाघ वाढावा असे आपणांस वाटते, आणि रोही व रानडुकरे रात्रीतून तुरीचे वावर साफ करतात तेव्हा जंगलाचा रागही येतो. या दोन्ही भावना खऱ्या आहेत. पण रागाने किंवा भक्तीने हा गुंता सुटणार नाही. कोणते जनावर केव्हा बाहेर येते, चारा कोठे कमी पडला, कुंपण कोठे उपयोगी आणि कोठे व्यर्थ, नुकसानीचा पंचनामा कसा खरा व्हावा, हे जाणणारा माणूस पाहिजे. तो माणूस आपल्यातून गेलेला असेल तर त्याला वाघही समजेल आणि तुरीचे वावरही समजेल.

आता विद्यापीठाविषयी. काही मंडळी विद्यापीठ म्हणताच ‘आपले तेथे काय काम’ अशा स्वरात बोलतात. त्यांना मी विनयपूर्वक सांगू इच्छितो की, सार्वजनिक विद्यापीठ हे जनतेच्या पैशांवर चालते. आपण काडेपेटी विकत घेतो तेव्हा तिच्या किमतीतला काही अंश कररूपाने सरकारात जातो आणि त्यातूनच ही विद्यापीठे उभी राहतात. म्हणजे फीचा काही भाग आपण पिढ्यानपिढ्या भरीत आलो आहोत. मुले मात्र पाठविली नाहीत. अमेरिकेत १८६२ साली कायदा करून शेतकऱ्यांच्या व कामकऱ्यांच्या मुलांसाठी सरकारी जमिनीच्या आधारावर महाविद्यालये काढण्यात आली. त्याच धर्तीवर १९६० साली पंतनगर येथे आपल्या देशातले पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आपल्या विदर्भात नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ पासून आहे. आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास कृषी विद्यापीठ झाले. त्यास देशाचे कृषिमंत्री राहिलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. बहुजनांच्या मुलांना शिक्षण मिळावे म्हणून आयुष्य वेचणाऱ्या पुरुषाचे नाव ज्या दारावर आहे, त्या दारातून जाताना आपल्या मुलांनी संकोच का करावा?

त्या अमेरिकेचीच आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. महाविद्यालये निघून सत्तर वर्षे झाली, तरी १९३० नंतरच्या दशकात तेथील मैदानांतली माती वादळांनी आकाशात उडाली. गवताळ जमीन बेसुमार नांगरली गेली होती. धुळीचे लोट राजधानीपर्यंत पोहोचले, तेव्हा कोठे १९३५ साली मृदसंधारणाचा कायदा झाला. यावरून घ्यावयाचा बोध असा की, विद्यापीठाची इमारत असून भागत नाही. तेथले ज्ञान वावरापर्यंत चालत आले पाहिजे, आणि ते आणणारे पाय आपल्याच घरचे असावे लागतात.

विद्यार्थ्यांसाठी व्यवहाराचे चार शब्द. बारावी विज्ञान शाखेनंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा देऊन कृषी, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी या पदव्यांना प्रवेश मिळतो. वनशास्त्राचे महाविद्यालय अकोल्यास आहे, तसेच कोकणात दापोलीसही आहे. मृद व जलसंधारण हा कृषी अभियांत्रिकीचा एक मुख्य विभाग होय. ज्यांना हे मार्ग नकोत त्यांनी नागपूर किंवा गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातून वनस्पतिशास्त्र, भूगर्भशास्त्र, भूगोल, पर्यावरणशास्त्र यांपैकी विषय घ्यावा. दहावीनंतर कृषी पदविकेची वाटही आहे. पुढे राज्य लोकसेवा आयोगाच्या कृषिसेवा व वनसेवा परीक्षा आहेत. केंद्राच्या भारतीय वनसेवेची परीक्षा आहे. मृदा-सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

मात्र मी खोटी आशा दाखविणार नाही. सरकारी जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, ही वस्तुस्थिती आहे. पदवी घेऊन दोन-चार वर्षे परीक्षा देत बसलेली मुले मी पाहिली आहेत. केवळ नोकरीसाठी हा विषय घेऊ नका, असेच मी म्हणेन. पण ज्याच्या घरी पाच-दहा एकर आहे त्याने असा विचार करावा की, नोकरी मिळाली तर उत्तमच. न मिळाली तरी हे ज्ञान घरी येऊन कामाला लागते. दुसऱ्या कोणत्या पदवीविषयी असे म्हणता येईल?

बंधु-भगिनींनो, आता ज्या कारणासाठी मी आज मुद्दाम आलो, ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात मी एका परिचितांच्या घरी बसलो होतो. देवाच्या तसबिरीमागे एक कागद खोचलेला होता. ती मृद आरोग्य पत्रिका होती. २०१५ सालापासून सरकार शेतकऱ्यांना ती देत आले आहे. घरातल्या कोणी ती वाचलेली नव्हती. बारावीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने ती काढली, निरखून वाचली आणि वडिलांना म्हणाली, “बाबा, आपल्या वावरात पालाश भरपूर आहे असे लिहिले आहे. मग तुम्ही दरवर्षी त्याचे पोते का आणता?” वडील माझ्याकडे पाहू लागले. काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसे असते. कमतरता असते ती नत्राची व स्फुरदाची. मुलीचे म्हणणे बरोबर होते. एका कागदाने आणि एका मुलीने त्या घरचे दोन पोत्यांचे पैसे वाचविले.

त्या मुलीला अकोल्यास जाऊन कृषी अभियांत्रिकी शिकायचे आहे. घरची मंडळी वाईट नाहीत, पण बिचकतात. मुलगी इतक्या दूर कशी राहील, हा एक प्रश्न. मुलीला मातीचे शिक्षण कशाला, हा दुसरा. आणि खर्च, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर असे की, विद्यापीठात मुलींचे वसतिगृह आहे, आणि शेवटच्या वर्षी गावोगावी राहून काम करणाऱ्या कृषिकन्या आपण सर्वांनी पाहिलेल्या आहेत. त्या कोणाच्या तरी मुलीच होत. दुसऱ्याचे उत्तर असे की, आपल्या वावरात निंदण, वेचणी, बियाणे राखणे ही कामे बायकाच करतात. मातीशी ज्यांचा हात सर्वांत अधिक लागतो त्यांनाच मातीचे शिक्षण नको, हा कोणता न्याय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या मंडळापाशी आहे. आपल्या शिष्यवृत्ती-निधीच्या नियमांत वैद्यकीय आणि अभियांत्रिकी या दोनच शाखांचा उल्लेख आहे, आणि कृषी अभियांत्रिकी त्यात बसत नाही असा अर्थ आजवर लावला गेला. ज्यांनी हे नियम केले त्यांचा हेतू उदात्त होता. त्या काळी समाजात डॉक्टर नव्हता, इंजिनियर नव्हता. आज दोन्ही आहेत. पण ज्या जमिनीच्या उत्पन्नातून या निधीचा पहिला रुपया आला, तिची काळजी वाहणारा मात्र आपण घडविला नाही. माझी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे की, कृषी, वनशास्त्र, मृद व जलसंधारण, पशुविज्ञान या शाखांचा या नियमांत समावेश करावा आणि तो याच वर्षीपासून लागू करावा. माझ्या निवृत्तिवेतनातून फूल ना फुलाची पाकळी म्हणून काही रक्कम मी आज चिटणिसांकडे दिलेली आहे. तिचा आकडा जाहीर करू नये. त्याबरोबर शिष्यवृत्तीला एक अट जोडावी, असेही मला सुचवावेसे वाटते : जो विद्यार्थी ती घेईल त्याने सुटीत गावी येऊन एका नाल्याचा उतार मोजावा, पाच विहिरींची पाणीपातळी लिहून ठेवावी आणि पुढच्या संमेलनात ती वाचून दाखवावी. दहा वर्षांत आपल्या गावाची अशी वही तयार होईल की, जी कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

अध्यक्ष महाराज, माझ्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देण्यास मला फार उशीर झाला. ते आपणांस देतो. माती घरीच आहे, हे त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. पण ती घरीच राहावी, नाल्यावाटे वर्धा नदीत आणि तेथून गोदावरीत जाऊ नये, यासाठी घरातल्या एकाने तरी शिकावयास बाहेर पडले पाहिजे. आणि शिकून झाल्यावर त्याने वा तिने घरी परतले पाहिजे. उद्या सकाळी आपण वावरात जाल तेव्हा विहिरीच्या काठाचा पायाचा दगड तेवढा पाहून या. तो किती बोटे उघडा पडला आहे ते मोजा, आणि मग शिष्यवृत्तीच्या ठरावावर मत द्या.